खिशातले सिनेमे

आंधळ्या बाईला सिनेमे कशाला, असं लोकांनी मला आयुष्यभर विचारलं. पूर्वी मी समजावून सांगायची. आता सरळ विचारते, देवाने तुम्हाला कान काय नुसते चष्मा अडकवायला दिलेत?

मी लक्ष्मीदेवी. वय सदुसष्ट, लग्न केलं नाही, आणि डोळे जन्मापासून नाहीत. बेंगळूरच्या पीण्या भागातल्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते, रिटायर होईपर्यंत. कुठला साहेब खरंच मीटिंगमध्ये आहे आणि कुठला बायकोला टाळतोय, हे मला त्याच्या 'हॅलो'वरून कळायचं. त्यामानाने सिनेमा म्हणजे सोपं काम. हिरो जिना चढतोय की उतरतोय, हिरोइन बोलताना त्याच्याकडे तोंड करून उभी आहे की पाठ करून, घर सामानाने भरलेलं आहे की रिकामं, सगळं ऐकू येतं. डोळे असलेली माणसं फोन बघत बघत सिनेमा बघतात आणि शेवटी मलाच विचारतात, आत्या, तो मेला का मग?

तर माझ्याकडे सिनेमे आहेत. डिस्कवरचे. मराठी, कन्नड, हिंदी, सगळे. जयनगरच्या फोर्थ ब्लॉकात जिन्याखाली यल्लाप्पाचं डिस्कचं दुकान होतं, तिथून घेतलेले. यल्लाप्पा मला कव्हर वाचून दाखवायचा. नुसतं नाव नाही, चित्रसुद्धा. "अक्का, हिरोच्या हातात फूल आहे, पण हिरोइन स्वल्प रागावलीय," असं. तुम्ही हे घेऊन काय करणार, असं त्याने एकदाही विचारलं नाही. दुकान बंद करताना उरलेले सिनेमे पेटीत भरून त्याने मला घरी आणून दिले आणि चहा पिऊन गेला. तो आता हासनला मुलीकडे असतो.

पण डिस्क हाताला सगळ्या सारख्याच लागतात. छापील बाजू किंचित खरखरीत आणि दुसरी गुळगुळीत, एवढाच काय तो फरक. त्याला मी उपाय काढला. आमचं घर शिंप्यांचं. किती पिढ्यांपूर्वी कुठून बेंगळूरला आलो ते कुणालाच नीट सांगता येत नाही, घरात मराठी आणि दारात कन्नड बोलतो एवढं खरं. माझा मोठा भाऊ विठ्ठलराव, म्हणजे आमचा अण्णा, याचं टेलरिंगचं दुकान होतं. तिथली कात्रणं घरी यायची. त्या कात्रणांचे मी डिस्कच्या मापाचे खिसे शिवले, हाताने. पोलिसांचे सिनेमे खाकी ड्रिलच्या खिशात. कोर्टाचे कॉलरच्या बकरममध्ये, कडक. रडण्याचे मलमलमध्ये, विनोदी लेंग्याच्या जाड कापडात, भुताचे लोकरीत. मग कोपऱ्यात कुठे हूक, कुठे टिचबटण, कुठे कोटाचं मोठं बटण, कुठे नुसत्या गाठी. बोट फिरवलं की हातात कुठला सिनेमा आहे ते कळलं पाहिजे. आणि प्रेमाचे साटीनमध्ये. साटीनचे खिसे सगळ्यांत जास्त आहेत, आणि त्याबद्दल कुणी मला काही विचारायचं नाही.

अण्णा-वहिनी गेल्यावर मी भाच्याकडेच राहिले. मोहनकुमार, अण्णाचा मुलगा, मी अंगाखांद्यावर खेळवलेला. त्याची बायको सिद्धी पुण्याची, तीही त्याच्यासारखीच कॉम्प्युटरवाली. पोरगी गुणाची आहे, हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे मी तिच्यावर बरीच चिडणार आहे. जयनगरचं घर भाड्याचं, मालकाला पाडून नवं बांधायचं होतं, म्हणून दोघांनी सर्जापूर रोडला फ्लॅट घेतला. मलाही तिथे एक खोली मिळाली, बाथरूमसकट. माझ्या सिनेमांच्या पेट्या मात्र स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत गेल्या, वॉशिंग मशीनशेजारी. "तात्पुरतं आत्या," मोहन म्हणाला.

हॉलमध्ये भिंतभर टीव्ही आला. सिद्धीने मला रिमोट हातात दिला, तो बोलून चालवायचा. "आत्या, आता तुम्हाला त्या डिस्कची कटकट नको. जगातले सगळे सिनेमे ह्यात आहेत. फक्त नाव सांगायचं." मी नाव सांगितलं. कधी लागायचा सिनेमा, कधी तो टीव्ही नुसता टुंग टुंग करून पडद्यावर काहीतरी मांडून ठेवायचा आणि गप्प बसायचा. त्या मांडलेल्यातलं मला काय कळणार? मग हाक मारायची. "थांबा हं, मी लावून देते," असं म्हणत सिद्धी यायची. कधी मीटिंगमधून उठून यायची, कानातला इअरफोन तसाच ठेवून, आणि मला म्हणायची "कुठला?" आणि तिकडे साहेबाला म्हणायची "यस, यस."

लावून देते. ह्या दोन शब्दांचा मला इतका राग यायला लागला की काय सांगू. नोकरी केली, पगार आणला, बसने एकटी पीण्याला गेले, आणि ह्या वयात मला सिनेमा बघायचा तर परवानगी काढल्यासारखं हाक मारायची. शिवाय मागायचं म्हटलं की माणूस सांभाळून मागतो. हिला काय वाटेल, तिसऱ्यांदा तोच कसा सांगू, असं करत करत मी दोन दिवस बातम्या ऐकत बसले. बातम्या मला मुळीच आवडत नाहीत.

एकदा तर मी एक जुना कन्नड सिनेमा सांगितला, आठवड्यापूर्वी अर्धा पाहिलेला. सिद्धी शोधून म्हणाली, "आत्या, तो काढून टाकलाय."

"कुणी?"

"त्यांनीच. लायसन्स संपलं असेल."

"आपल्या घरातून न विचारता काढून नेला?"

"घरातून नाही हो, तो आपला नव्हताच कधी," ती म्हणाली आणि हसली. मी हसले नाही. तो सिनेमा माझा होता. गॅलरीतल्या पेटीत, साटीनच्या खिशात, दोन हूक असलेल्या.

तरी मी गप्प बसले असते. खरंच बसले असते, नवं घर, नवी रीत, कशाला उगाच कटकट. पण एका रविवारी सिद्धीचे पुण्याचे मित्र जेवायला आले, नंदू आणि उल्का, नवराबायको. जेवण छान झालं. मी केलेल्या कटाच्या आमटीचं त्यांनी कौतुक केलं. मग मॅच लावायची म्हणून नंदूने टीव्ही सुरू केला आणि एकदम थांबला. "सिद्धी, हे काय बघतेस तू?" आणि त्याने मोठ्याने नाव वाचलं. मग त्याखालचं. मग त्याच्याखालचं. सगळी माझी नावं. मी बघितलेला प्रत्येक सिनेमा त्या टीव्हीने मांडून ठेवला होता, कुठला कितीदा, कुठल्या सीनवर थांबवला, सगळं. शिवाय ज्याला हे आवडतं त्याला हेही आवडेल म्हणून आणखी दहा सुचवले होते, ती नावं तर मी इथे सांगतसुद्धा नाही.

"अगं मी नाही, आत्या बघतात," सिद्धी म्हणाली.

"सीरियसली? सो क्यूट," उल्का म्हणाली, आणि सगळे हसले. मोहनसुद्धा.

वाईट हसले नाहीत ते. मायेनेच हसले, मला आवाजातलं कळतं. पण माझे कान तापले. मी हात धुवायला म्हणून उठले आणि खोलीत येऊन बसले. कारखान्यात सगळ्या जगाची बोलणी माझ्या कानावरून गेली, कुणाचं कुणाशी काय चाललंय ते मला माहीत होतं, आणि मी कधी कुणाचं नाव तोंडातून काढलं नाही. आणि माझंच असं भर पाहुण्यांत वाचून दाखवलं. क्यूट म्हणे. सदुसष्ट वर्षांच्या बाईने लग्न केलं नाही म्हणजे तिला प्रेमाचं काही कळत नाही आणि तिने ते ऐकायचंही नाही, आणि ऐकलंच तर ती क्यूट. मला रडू आलं, रागाने.

सकाळी मी मोहनला सांगितलं, गॅलरीतल्या पेट्या माझ्या खोलीत आण.

उत्तर सिद्धीने दिलं. "आत्या, ते मी जरा नीट करून ठेवलंय."

तिने माझ्या मांडीवर एक गठ्ठा ठेवला. खिसे. मशीनमध्ये धुतलेले, इस्त्री केलेले, घडीवर घडी ठेवलेले, साबणाच्या वासाचे. रिकामे. "आणि डिस्क?" मी विचारलं. तिने माझा हात धरून दांडीवर रचलेल्या डिस्कवर ठेवला, बांगड्यांच्या स्टँडवर बांगड्या असतात तशा. एकीवर एक, सगळ्या सारख्या.

"मला वाटलं धुळीची कव्हरं आहेत. आमच्याकडे मिक्सरला असतं ना, तसं."

तिचं सगळंच चुकलं असं म्हणता येत नाही. आपल्या घरांतून काय कशाला कव्हर घालतील त्याला धरबंध नाही. माझ्या वहिनीने टेलिफोनला शिवून घातलं होतं, झालर लावून. पुण्याहून आलेल्या पोरीने कापडाची पिशवी बघितली आणि ती मळलीय म्हणून धुतली, ह्यात तिचा काय गुन्हा? पण हे सगळं मला नंतर सुचलं. तेव्हा मी त्या गठ्ठ्यावर हात ठेवून बसले होते. उभा जन्म हाताने जमवलेलं एका धुण्यात गेलं.

"आणि पेट्या?"

"पेट्या टाकल्या," मोहन म्हणाला. "आत्या, खरं सांगू का, शनिवारी सोसायटीत ई-वेस्टवाले येतात. त्यांना हे सगळं द्यायचं ठरवलं होतं. तुला सांगणार होतो."

"कधी? रविवारी?"

"स्वल्प ऐकून तर घे. तुझा डिस्कचा प्लेअर जुना झालाय, कधी बंद पडेल सांगता येत नाही. टीव्हीत सगळं आहे. जे नसेल ते आम्ही शोधून देऊ."

"तू द्यायचं आणि मी घ्यायचं," मी म्हटलं. "मोहन, तू चड्डी स्वतः घालायला लागलास तेव्हा घरभर ओरडत सुटला होतास, मी घातली, मी घातली. आठवतंय? तुझ्या आईला पटकन घालून देता आली नसती का? सिनेमा कुठला बघायचा ते मी ठरवणार, हाताने काढणार, हाताने लावणार, हवा तिथे थांबवणार, आणि काय बघितलं ते ह्या घरात कुणाला कळणार नाही. टीव्हीलाही नाही. आणि कुणी रात्रीत येऊन तो काढून नेणार नाही. एवढं तुझा टीव्ही देत असेल तर आत्ताच्या आत्ता दे ह्या डिस्क भंगारात."

सिद्धी म्हणाली, "मी वेगळं प्रोफाइल करून देते ना, पासवर्ड टाकून."

"पासवर्ड कोण टाकणार?"

मग मोहनने शेवटची अडचण काढली. माझ्या खोलीत दुसरा टीव्ही लावायला जागाच नाही म्हणाला, इंटिरियरवाल्याने त्या भिंतीला कपाट केलंय.

"टीव्ही कुणाला हवाय?" मी म्हटलं. "मला पडद्याचा काय उपयोग? प्लेअर दे आणि हेडफोन दे."

हे त्या दोघांच्या डोक्यात इतकी वर्षं आलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर माझ्याही नव्हतं. जयनगरला टीव्ही होताच, म्हणून प्लेअर त्याला जोडलेला. हेडफोन तर माझ्या डोक्याला नोकरीभर सवयीचा. मोहन निमूट गेला आणि वायर, हेडफोन आणि छोटा ॲम्प्लिफायर घेऊन आला. प्लेअर माझ्या पलंगाशेजारच्या स्टुलावर बसवला. बटणं मला पाठ होती.

सिद्धी दारात घुटमळत होती. "आत्या, मी डिस्कवरची नावं वाचते, तुम्ही खिसा सांगा. तासाभरात होईल."

"नको."

"चुकलं माझं, पण निस्तरू तर द्या."

"तू नाव वाचणार, मी साटीन पुढे करणार, आणि तुझ्या डोक्यात परत सगळी यादी तयार. नको बाई. मी ओळखते."

आणि ओळखल्या मी. एकेक डिस्क घालायची, कान लावायचा. कुठे कंपनीचं शंख-नगाऱ्याचं संगीत, कुठे नावांच्या पाट्या चालताना नुसतीच बासरी. काही दोन भागांतले, त्यांची दुसरी डिस्क एकदम भांडणाच्या मधोमध सुरू होणारी. पहिल्या वाक्याला ओळख पटली की खिसा शोधायचा. घाईत कधी उलटी बाजू जायची, मोटर घुर्रघुर्र करून थांबायची, मग परत काढून पालथी घालायची. कंबर मोडून आली. काही खिसे फुकट गेले होते. बकरम धुऊन पार मऊ पडलं, कोर्टाचे सिनेमे आणि विनोदी सिनेमे हाताला एकच लागायला लागले. लोकरीचा एक तर इतका आटला की त्यात भूत काय, उंदीरही मावला नसता. ते मी नव्याने शिवायला घेतले. सिद्धीने न सांगता बकरम आणून दिलं, जयनगरच्या दुकानातून, ऑफिसातून लवकर निघून तेवढं लांब जाऊन. मी ते घेतलं. बरं आणलंस, असंही म्हटलं. पण सुईत दोरा ओवायला आली तेव्हा म्हटलं, माझा मी ओवते.

मध्येच एखादा सिनेमा ओळखून झाला तरी माझा हात बटणावर जायचा नाही, तो तसाच चालू राहायचा आणि मी जेवायचं विसरायची. दारावर टकटक झाली की हेडफोन उतरवायची आणि म्हणायची, चाललंय काम.

शनिवारी ई-वेस्टवाले आले. खाली भोंगा वाजला, बिल्डिंगमधून जुने कीबोर्ड, चार्जर, पंखे बाहेर निघायला लागले. मोहन दारात येऊन उभा राहिला. "आत्या, काही द्यायचंय का?"

"तो बोलका रिमोट दे," मी म्हटलं.

"सरी, सरी, बरं," तो म्हणाला, आणि कुठलासा जुना मिक्सर घेऊन खाली गेला.

दुपारी जेवणं झाल्यावर मी खोलीत आले. कपाटाचे खालचे दोन कप्पे मी माझ्या साड्या वर चढवून रिकामे केले होते. तिथे खिसे ओळीने उभे होते. मी बोट फिरवत गेले, खाकी, बकरम, मलमल, आणि हवा होता तो काढला. घातला, हेडफोन लावला, पाय वर घेतले. कुणाला हाक मारली नाही.

सीन ऐन रंगात आला होता तेव्हा खांद्यावर हात पडला. मी बटण दाबलं, एक कान मोकळा केला. सिद्धी होती. चहा घेऊन आली होती.

"सिनेमा बघताय?"

"हो."

"कुठला?"

मी चहाचा कप चाचपून घेतला. ती जाईना. प्लेअरपाशी गेली, मग कपाटापाशी, तिथून परत पलंगाकडे, पावलं कळत होती मला. बघायला खोलीत काही नव्हतंच. डिस्क प्लेअरच्या पोटात, आवाज माझ्या कानात. रिकामा खिसा मी मांडीखाली घेतला होता.

"आत्या, सांगा ना. मी हसणार नाही."

"हसलीस तरी चालेल. सांगणार नाही."

ह्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून पहिल्यांदाच असं झालं, की घरात काय चाललंय ते मला माहीत होतं आणि तिला नव्हतं. मला त्याचा इतका आनंद झाला की लपवावासाही वाटला नाही. चहा छान झालाय, मी म्हटलं. जाताना दार ओढून घे. आणि तो सीन पहिल्यापासून परत लावला.